वजनाचं इंजेक्शन चालू आहे. प्रवास विम्याच्या फॉर्ममध्ये लिहायचं का?

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार. प्रश्न विम्याचा आहे, पण सुरुवात जरा मागून करावी लागेल. घाईत असाल तर एकदम शेवटचा परिच्छेद वाचा. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, पाल्हाळ सुटत नाही.

लेक जर्मनीत असते, श्टुटगार्टच्या जवळ. जानेवारीत तिचं पहिलं बाळंतपण आहे. डिसेंबरच्या मध्यावर जाऊन मार्चपर्यंत राहायचं ठरलंय. एकूण ८८ दिवस. ९० च्या वर राहता येत नाही, म्हणून जावयांनी दोन दिवस हातचे ठेवले आहेत.

आता माझं. वय ५९, उंची पाच फूट एक इंच. गेल्या माघात वजन ९४ किलो होतं. जिना उतरताना गुडघ्यातून कटकट आवाज यायचा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, आधी दहा-बारा किलो उतरवा, मग गुडघा बदलायचं बोलू." त्याआधी मी सगळं करून पाहिलं होतं. कळण्याची भाकरी एकाची अर्धी केली, शेवभाजीचा रस्सा सोडला, पहाटे चालणं सुरू केलं. सहा महिन्यांत अडीच किलो उतरलं आणि भरिताच्या हंगामात तीन किलो परत आलं. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी मौंजारो सुरू केलं. दर गुरुवारी एक टोचायचं, पोटावर. पहिला महिना अडीच मिलिग्रॅम, मग बरेच महिने पाच, आता दोन महिन्यांपासून साडेसात. पेन्शनीचा चांगला लचका तुटतो. पण आज काट्यावर ८१ आहे आणि जिना मी कठडा न धरता उतरते.

ही गोष्ट आमचे हे आणि औषधाचे दुकानदार सोडले तर कोणालाच माहीत नाही. लेकीलाही नाही. पेन फ्रिजात कढीपत्त्याच्या डब्यामागे असतं. कॉलनीतल्या बायका विचारतात, तेव्हा मी सांगते, "रात्रीचं जेवण बंद केलं आणि रोज मंगळग्रह मंदिरापर्यंत चालते." हे अर्धं खरं आहे. अर्ध्याचा त्रास असा, की श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळ्या जमलो तेव्हा माझं बघून धाकट्या जावेनेही रात्रीचं जेवण सोडलं. तिचं पाव किलोही हललं नाही आणि बिचारी म्हणते, "तुमच्यासारखा निग्रह माझ्यात नाही हो." तेव्हा माझा घास घशात अडकला होता. असो.

विम्याचा फॉर्म जावई ऑनलाइन भरणार आहेत. त्यांनी प्रश्न व्हॉट्सअॅपवर पाठवले: काही आजार आहे का, नियमित औषध चालू आहे का, मागच्या काही वर्षांत कशासाठी उपचार घेतले का, उंची किती, वजन किती. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. रक्तदाबाची टेल्मिसार्टन ४० ची गोळी सहा वर्षांपासून आहे, ते त्यांना माहीत आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आहे. डॉक्टर म्हणतात मधुमेह नाही, पण कुंपणावर आहात. राहिलं इंजेक्शन.

आमच्या घरी येणारे विमा एजंट म्हणाले, "बाई, काहीच टाकू नका. व्हिसाला तीस हजार युरोचं सर्टिफिकेट लागतं, ते दहा मिनिटांत मिळतं. इंजेक्शनचं नाव लिहिलं की प्रीमियम वाढेल, नाहीतर सरळ नकार येईल." माणूस चांगला आहे, पण शाळेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे हे ऐकून पोटात कसंसंच झालं.

तर विचारायचं हे: इंजेक्शन आजारासाठी नाही, वजनासाठी आहे. मग ते "औषध" म्हणून लिहावं लागतं का? लिहिलं तर विमा मिळतो का? न लिहिता तिकडे काही झालं, तर ते त्यांना कळणार कसं? आणि खरं सांगते, हे जावयांच्या नजरेआड करायची काही सोय आहे का?

केळीबाग, रावेर

काकू, एवढा विचार करू नका. माझे वडील दोन वेळा दुबईला जाऊन आले, शुगर असून फॉर्मवर सगळीकडे "नाही" लिहिलं. काही झालं नाही. व्हिसावाले फक्त रक्कम आणि तारखा बघतात. विमा म्हणजे व्हिसाचा कर समजायचा आणि मोकळं व्हायचं.

विमावाला, धुळे

रावेरच्या भाऊंच्या वडिलांना काही झालं नाही, म्हणून त्यांचा फॉर्म कोणी उघडून पाहिला नाही. एवढाच त्याचा अर्थ. बावीस वर्षं या धंद्यात आहे, प्रपोजल फॉर्म कोणी वाचतो तो क्लेमच्या दिवशीच.

ताई, तुमच्या एजंटचं एक वाक्य खरं आहे. शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाला, किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. ते सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाचे सगळे दिवस चालणारं हवं, त्यात तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला हवा. दूतावास एवढंच बघतो. तुमची गोळी कव्हरमध्ये आहे की बाहेर, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून खोट्या फॉर्मवर निघालेलं सर्टिफिकेटही व्हिसाला चालून जातं. पण व्हिसाला चालणारा कागद आणि दवाखान्याचं बिल भरणारा कागद वेगळे असू शकतात. लोक हे दोन एकच समजतात, तिथेच फसतात.

आता "वजनासाठी आहे, आजारासाठी नाही" याबद्दल. फॉर्म आजार वेगळा विचारतो आणि चालू औषध वेगळं विचारतो. दुसऱ्या प्रश्नाचं तुमचं उत्तर "हो" आहे, विषय संपला. आणि आधीपासूनचा आजार म्हणजे काय, याची विमा नियामकाची व्याख्या पाहा: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेली किंवा उपचार सांगितलेली कुठलीही तक्रार, आजार किंवा दुखापत. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर "स्थूलता" लिहून औषध दिलंय, तेव्हा ती त्यात बसते. रक्तदाब तर बसतोच.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, कारण इथे बहुतेकांची चूक होते. मौंजारो आपल्याकडे दोन कामांसाठी मंजूर आहे, टाइप २ मधुमेह आणि वजन. त्यामुळे नुसतं "मौंजारो साडेसात, आठवड्याला एक" असं लिहून सोडलंत, तर समोरचा माणूस तुम्हाला मधुमेही धरणार. कारणही लिहा. "वजन कमी करण्यासाठी, अमुक महिन्यापासून, सुरुवातीचं वजन ९४, आताचं ८१, मधुमेहाचं निदान नाही, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२." जागा नसेल तर वेगळा मेल करा. आकडा लपवला की शंका वाढते.

लिहिल्यावर काय होईल? माझ्या अनुभवात चारपैकी एक गोष्ट होते. कंपनी जशीच्या तशी पॉलिसी देते. किंवा डॉक्टरांचं पत्र मागते, की रुग्ण स्थिर आहे आणि प्रवासाला हरकत नाही. किंवा लिहून सांगते, की सांगितलेल्या आजारांतून उद्भवणारा खर्च मिळणार नाही, जिवावर बेतलं तर अमुक मर्यादेपर्यंत देऊ. किंवा नाही म्हणते, मग दुसरी कंपनी. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास पॉलिसींत तिसरा प्रकार आढळतो. त्यात वाईट वाटून घेऊ नका. रक्तदाब वगळला तरी पाय घसरून हाड मोडलं, न्यूमोनिया झाला, बॅग हरवली, हे सगळं शाबूत राहतं. लपवलंत तर मात्र हेही सगळं वादात जातं, कारण विम्याचा करार तुम्ही खरं सांगितलंय याच भरवशावर उभा असतो.

पैसे भरण्याआधी कंपनीला मेल करा. फोन नको. फोनवर "हो हो मॅडम, चालतं" म्हणणारा मुलगा सहा महिन्यांनी तिथे नसतो. मेलमध्ये तीनच प्रश्न विचारा. एक, मी हे औषध घेते, ते जाहीर करून पॉलिसी मिळेल का. दोन, या औषधाच्या दुष्परिणामामुळे दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, म्हणजे उलट्या, पित्ताशयाचे खडे, स्वादुपिंडाची सूज, तर खर्च मिळेल का. तीन, जिवावर बेतलेल्या प्रसंगाची मर्यादा किती डॉलर. दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि खरी मेख तिथेच असते. काही पॉलिसींमध्ये वजन कमी करण्याचे उपचार आणि त्यांतून आलेली गुंतागुंत वगळलेली असते. ती ओळ शब्दशः वाचा.

फॉर्म कोणीही भरू दे, जबाबदारी सही करणाऱ्याची. "एजंटने भरला" हे उत्तर कुठेच टिकत नाही. एजंटलाही सांगा, की तुम्ही जे सांगताय ते मला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. बघा पाठवतो का!

जावयांच्या प्रश्नावर माझ्याकडे उपाय नाही. फॉर्म स्वतः भरा, एवढंच सुचतं. ऑनलाइन फॉर्म काही अवघड नसतो, तुम्ही तर पोषण आहाराची माहिती रोज भरली असेल.

औषधवाला, भुसावळ

विम्याचं धुळ्याच्या भाऊंनी सांगितलं. मी काउंटरच्या या बाजूने सांगतो.

बाईंनी विचारलंय, "त्यांना कळणार कसं?" तुमच्याच तोंडून कळणार, बाई. समजा तिकडे पोटात दुखून दाखल व्हावं लागलं. पहिला प्रश्न असतो, कुठली औषधं चालू आहेत. तिथे हे इंजेक्शन लपवता येत नाही आणि लपवूही नये. या औषधाने जठर उशिरा रिकामं होतं. ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं हे कळलंच पाहिजे, नाहीतर बेशुद्धीत पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणजे तुम्ही सांगणार, ते केस पेपरवर लिहिणार, तो केस पेपर क्लेमसोबत कंपनीकडे जाणार. दवाखान्यात लपवलं तर जिवाशी खेळ, सांगितलं तर फॉर्मवरचं "नाही" उघडं पडणार. तेव्हा फॉर्मवरच लिहिलेलं बरं.

आता पेन नेण्याबद्दल. न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. सुरू केलेलं पेन ३० अंशांच्या आत बाहेर राहिलं तरी ३० दिवस चालतं, नंतर टाकायचं. डिसेंबरात आपल्याकडे अडचण नाही. (मे महिन्यात याच भुसावळात बंद खोलीत ३० अंश हे स्वप्न असतं, तेव्हा मी गिऱ्हाइकाला बर्फाच्या पाकिटाशिवाय पेन देत नाही.) तुमचा धोका उलटा आहे, गोठण्याचा. चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका, विमानाच्या पोटात थंडी फार असते. गोठलेलं पेन वितळलं तरी फेकायचं, मग ते कितीही महाग असो. हातातल्या बॅगेतही जेलचं पाकीट पेनाला थेट चिकटवू नका, मध्ये नॅपकिन गुंडाळा. तिकडच्या फ्रिजातही मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

८८ दिवसांना तीन पेनं लागतील. जर्मनीत स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांची औषधं नेता येतात. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. त्यात टिर्झेपेटाइड हे मूळ नाव, डोस, सुया कशासाठी, हे सगळं असू दे. पेन मूळ खोक्यातच न्या आणि आमचं बिल सोबत ठेवा. कढीपत्त्याच्या डब्यातून नेऊ नका म्हणजे झालं.

आणि जाण्याच्या तोंडावर डोस वाढवू नका. मळमळ, उलट्या जास्त करून डोस वाढवल्यावरच्या आठवड्यांत होतात. साडेसातवर पोट बसलंय ना, मग डॉक्टरांना विचारून तीन महिने तिथेच राहा. विमा कंपनीच्या पत्रातही "डोस स्थिर आहे" हे दोन शब्द कामाला येतात. गुरुवार प्रवासात गेला तर घाबरू नका, चार दिवसांच्या आत घेता येतं. त्याहून उशीर झाला तर तो डोस सोडायचा. वार बदलायचा असेल तर दोन डोसांत किमान तीन दिवस ठेवा.

जोराचं पोट दुखून कळ पाठीत जायला लागली, उलट्या थांबेनात, पाणीही ठरेना, तर बाळंतिणीच्या घरात गोंधळ नको म्हणून दुखणं अंगावर काढू नका. तुमच्या पिढीच्या बायका हेच करतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बोरीकाठ, अमळनेर

दोघांचे आभार. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा मुद्दा वाचून आमचे हे म्हणाले, "झालं, आता लिहायचं." ते सहसा एवढ्या लवकर काही ठरवत नाहीत. एक शंका राहिली: समजा मी रक्तदाबाचं लिहिलं आणि इंजेक्शन विसरले, आणि तिकडे बर्फावरून पडून हात मोडला. हाताचा आणि इंजेक्शनचा काय संबंध? तेवढा क्लेम तरी मिळेल ना?

सातपुडा, चोपडा

ताई, तुमचा हा प्रश्न वाचून हसू आलं आणि रडूही. आमच्या आईचं नेमकं हेच झालं.

आई लंडनला माझ्या भावाकडे गेली होती. रक्तदाबाची गोळी होती, फॉर्मवर लिहिली नव्हती. मीच भरला होता फॉर्म, दोष दुसऱ्या कोणाला देत नाही. सकाळी दारासमोरच्या पायरीवर ओल होती, पाय घसरला, मनगट मोडलं. इमर्जन्सीत तपासलं त्याचे पैसे नाहीत लागले. पण ऑपरेशनसाठी दाखल करून घेतलं आणि बिल सुरू झालं. तिकडे बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सरकारी दवाखान्यातही दीडपट दर लागतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

कंपनीच्या माणसाचा फोन आला. बोलायला फार गोड. "आजी, पडायच्या आधी चक्कर आली होती का?" आमची आई भाबडी. म्हणाली, "हो रे भाऊ, जरासं गरगरलं होतं." संपलं. चक्कर कशामुळे? रक्तदाबामुळे? गोळी चालू आहे का? कधीपासून? मग पत्र आलं, की चोपड्याच्या फॅमिली डॉक्टरांकडची तीन वर्षांची सगळी कागदपत्रं पाठवा. आमच्या डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवलेलं, रक्तदाब, अमुक वर्षापासून.

क्लेम नाकारला. आधी कंपनीच्या तक्रार विभागात लिहिलं, तिथूनही नाही आलं. मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे गेलो. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीने नाकारल्यापासून किंवा ३० दिवस उत्तर दिलं नाही तर वर्षाच्या आत जायचं, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. ऐकून नीट घेतलं. आमचं म्हणणं होतं की ओल्या पायरीवर कोणीही घसरतं. कंपनीचं म्हणणं होतं की आजी स्वतःच चक्कर म्हणाल्या. शेवटी जवळपास अर्ध्यावर तडजोड झाली, तीही सव्वा वर्षाने. तेवढ्या दिवसांत चोपडा-पुणे किती खेटे झाले ते मोजलं नाही.

तेव्हा "संबंध नाही" हे तुम्ही ठरवत नाही, ताई. संबंध जोडायला त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत. आमच्या अहिराणीत सांगतो, काहीच दपाडू नका, म्हणजे लपवू नका.

केळीबाग, रावेर

बरं, मघाचं माझं वाचून सगळ्यांनी मला धुतलं. वडील पुढच्या महिन्यात परत चाललेत दुबईला. धुळ्याचे भाऊ, पॉलिसी आधीच काढलीय, "नाही" लिहून. आता बदलता येतं का?

विमावाला, धुळे

भाऊ, प्रवास सुरू व्हायच्या आत कंपनीला मेल करा, की माहिती द्यायची राहिली, ही घ्या. त्या मेलवर एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद, करून देतील, जास्तीचा प्रीमियम मागतील किंवा पॉलिसी रद्द करून पैसे परत करतील, थोडेफार कापून. विमान उडाल्यावर काही होत नाही. आजच करा. वडिलांना शुगरच्या गोळ्यांसोबत इन्सुलिनही असेल तर तेही लिहा.

आणि सगळ्यांसाठी: पॉलिसी हातात आली की त्यावरचा चोवीस तासांचा मदतीचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. दाखल व्हायची वेळ आली की आधी किंवा चोवीस तासांच्या आत त्या नंबरवर कळवायचं, बिल थेट भरण्याची सोय तिथूनच होते. बऱ्याच पॉलिसींत पहिले शंभर डॉलर आपल्याच खिशातून जातात, त्यामुळे साध्या सर्दी-तापाला क्लेम करत बसू नका.

बोरीकाठ, अमळनेर

बारा दिवसांनी लिहितेय. काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर धागा अर्धवट राहील.

फॉर्म मी स्वतः भरणार होते. बसलेही. मग वाटलं, हे जावयांपासून लपवायचं, पण लेकीच्या फ्रिजात तीन महिने पेनं कशामागे ठेवणार? तिकडे कढीपत्ताही मिळत नसेल. म्हणून रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी लेकीला सांगितलं. ती भडकली. इंजेक्शनवरून नाही, आठ महिने सांगितलं नाही म्हणून. म्हणाली, "आई, मी इथे मैत्रिणींना तुझं चालणं उदाहरण म्हणून सांगते!" म्हटलं, सांग की, चालते तर मी खरंच.

जावई शेजारीच बसले होते. त्यांनी लॅपटॉप ओढला आणि विचारलं, "आई, वजन किती लिहू?" मी म्हटलं, ८१. "आणि डोस?" साडेसात. त्यांनी टाइप केलं. नंतर एवढंच बोलले, की सुयांचा डबाही हातातल्या बॅगेतच ठेवा. दोन दिवस मी ज्याची धास्ती घेतली होती, ते असं दीड मिनिटात उरकलं.

धुळ्याच्या भाऊंनी सांगितलेले तीन प्रश्न दोन कंपन्यांना मेल केले. पहिलीने चार दिवसांनी उत्तर दिलं, तेही पहिल्याच प्रश्नाचं. दुसऱ्याचं उत्तर मागायला परत लिहिलं, तर ब्रोशर पाठवलं. तिला सोडलं. दुसऱ्या कंपनीने डॉक्टरांचं पत्र मागितलं. जळगावच्या डॉक्टरांनी लिहून दिलं: स्थूलतेसाठी टिर्झेपेटाइड, डोस दोन महिन्यांपासून स्थिर, मधुमेह नाही, रक्तदाब नियंत्रणात, प्रवासाला हरकत नाही. त्यांना मी सांगितलं, की विम्यासाठी हवंय. ते म्हणाले, हे पत्र मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच, बाकीचे सगळे "नाही" लिहून जातात.

पॉलिसी मिळाली. रक्तदाब आणि वजनाचे उपचार यांतून येणारा खर्च वगळलाय, जिवावर बेतलं तर ठरावीक डॉलरपर्यंत देणार आहेत. औषधाच्या दुष्परिणामाबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिलं, की तो वगळलेल्या भागातच धरला जाईल. म्हणजे पित्ताशयाचा खडा उठला, तर साध्या कळेचा खर्च आमचा. हे वाचून थोडं खट्टू वाटलं खरं. मग आमच्या ह्यांनी जाण्याआधी पोटाची सोनोग्राफी करून घ्यायचा आग्रह धरला. काल केली, खडे नाहीत. प्रीमियम साडेनऊ हजारांच्या आसपास बसला. एजंट महाशयांनी सांगितला होता त्यापेक्षा सतराशे रुपये जास्त. त्यांना म्हटलं, तुमचा सल्ला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. अजून "टायपिंग" दिसतंय.

धाकट्या जावेला काल बोलावून घेतलं. चहा ठेवला आणि कढीपत्त्याचा डबा तिच्यासमोर काढून ठेवला. ती बराच वेळ पेनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी तीन महिने उगाच उपाशी झोपले?" आणि त्या रात्री आमच्याकडेच जेवून गेली. तिलाही डॉक्टरांकडे न्यायचं आहे. पण तिला थायरॉइडच्या गाठीचा त्रास आहे, म्हणून आधी तेच दाखवायला सांगितलं. भुसावळच्या भाऊंनी यावर दोन शब्द लिहिले तर बरं.

व्हिसासाठी मंगळवारी मुंबईला जातोय, खान्देश एक्सप्रेसने. आता तुपातले डिंकाचे लाडू जर्मनीत नेऊ देतात का, ते विचारायचंय. त्याचा वेगळा धागा काढते, इथे नको.

औषधवाला, भुसावळ

बाई, जावेला सांगा, थायरॉइडची गाठ कुठल्या प्रकारची आहे ते कळल्याशिवाय हे इंजेक्शन नाही म्हणजे नाही. थायरॉइडचा एक विशिष्ट कॅन्सर आहे, मेड्युलरी म्हणतात. तो स्वतःला किंवा घरात कोणाला झालेला असेल तर हे औषध देत नाहीत. रिपोर्ट घेऊनच डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्या पेनातलं तिला "एकदा बघ टोचून" म्हणून देऊ नका. हसू नका, दर महिन्याला एक तरी असं गिऱ्हाईक येतं.

लाडवांच्या धाग्याची लिंक इथे टाका. माझ्या बहिणीलाही न्यायचे आहेत.